गणकयंत्राचा उन्हाळा

आमच्या वऱ्हाडात ‘कूलर’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर एकच वस्तू उभी राहते. पत्र्याची चौकोनी पेटी, तिच्या तीन बाजूंना वुडवुलाच्या किंवा वाळ्याच्या ताट्या, तळाशी पाणी, ते वर चढविणारी चिमुकली मोटर आणि घोंघावणारा पंखा. चैत्र संपत आला की ही पेटी अडगळीतून बाहेर निघते आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत घरातली सर्वांत मानाची मंडळी तीच असते. पाहुण्याला पाण्याच्या पेल्याआधी कूलरसमोरची जागा मिळते. अशा मुलखात सारा जन्म काढलेल्या माझ्यासारख्या इतिहासाच्या निवृत्त मास्तराला पुतण्या एक दिवस म्हणाला, “काका, आपल्या कॉम्प्युटरले नवा कूलर घ्या लागते.” मी चष्मा कपाळावर चढवून त्याच्याकडे पाहिले आणि म्हणालो, “अरे, आहे ना घरात एक! तोच वळव तिकडे.”

वाचकांनी हसू नये. मी हे विनोदाने बोललो नव्हतो. खरोखरच कूलर तिकडे वळविला, आणि त्यातून जे घडले त्याने मला उतारवयात एका नव्याच इतिहासाचा विद्यार्थी बनविले.

बोरी अरब हे दारव्हा तालुक्यातले, अडाण नदीच्या काठचे आमचे गाव. घराच्या ओसरीवरच्या खोलीत आम्ही काका-पुतण्यांनी एक संगणक मांडला आहे. कोणाला सातबाराचा उतारा हवा असतो, कोणाला पीक विम्याचा अर्ज भरायचा असतो, कोणाच्या मुलीचा कॉलेजप्रवेश अडलेला असतो. आमच्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढला तरी कोणी नवल करीत नाही, आणि नेमकी त्याच सुमारास कागदपत्रांची ही सारी धावपळ सुरू होते.

अशाच एका दुपारी शेजारच्या गावचा एक शेतकरी मुलीला घेऊन आला. अर्जाची शेवटची तारीख होती. पुतण्याने अर्ज भरायला घेतला आणि अर्ध्यावर यंत्र पट्‌कन बंद पडले. पुन्हा सुरू केले, पुन्हा बंद. तिसऱ्या खेपेला मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. तिच्या बापाने कागद पिशवीत घातले, “राहू द्या मास्तर, दारव्ह्याले पाहतो,” असे म्हणून तो उन्हात एस्टीच्या थांब्याकडे चालू लागला. अर्ज संध्याकाळी तिथे भरला गेला खरा. परंतु ती दोघे रस्त्याने जाताना पाहून मला जी शरम वाटली, तिचा राग मी पुतण्यावर काढला. “रात्री-बेरात्री खेळ खेळतोस, म्हणून यंत्र बिघडते!” तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कॅबिनेटची बाजू उघडली आणि मला हाक मारली. प्रोसेसरवरच्या छोट्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्यांची चक्री असते. त्या पात्यांच्या फटीच दिसत नव्हत्या. ताटीचे तंतू आणि ओलसर हवेने चिकटून बसलेली धूळ यांचे करडे घोंगडे त्यांवर पसरले होते. चक्री मदरबोर्डला धरून ठेवणाऱ्या चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांपैकी एक मोडून वर आली होती. घोंगडे कोणी विणले, हे मला सांगावे लागले नाही. महिनाभर माणसांचा कूलर यंत्राच्या पाठीशी मीच लावून ठेवला होता.

मास्तरकीची एक खोड जन्माची सुटत नाही. एखादी गोष्ट चुकली की ती मुळापासून वाचून काढल्याशिवाय चैन पडत नाही. त्या दिवसापासून मी गणकयंत्रांचा इतिहास वाचू लागलो, आणि माझ्या ध्यानात आले की ही बुद्धीची कथा आहे तितकीच तापाचीही आहे. यंत्राने हिशेब केला की ऊन पडते, आणि त्या उन्हाचे काय करायचे हा प्रश्न पहिल्या दिवसापासून त्याच्या मागे लागलेला आहे.

अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १९४६ साली एनिॲक हे यंत्र जगापुढे आले. त्याचे वजन सुमारे ३० टन, आत सुमारे १८,००० निर्वात नळ्या, आणि विजेची भूक सुमारे १५० किलोवॅट. यंत्राच्या पोटात शिरलेली वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणजे त्या दालनात दीडशे शेगड्या अहोरात्र पेटल्या होत्या म्हणाना! हा ताप बाहेर काढण्यासाठी त्या काळीही मोठमोठे पंखेच लावावे लागले. आमच्या मुंबईतही टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांचे तरुण सहकारी यांनी टिफ्रॅक हे यंत्र घडविले. ते १९६० साली चालू झाले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. त्यातही सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. परदेशातून तयार यंत्र न आणता आपल्या हातांनी ते उभारणाऱ्या त्या मंडळींना गणिताइतकीच तापाशीही झुंज द्यावी लागली असणार.

पुढे ट्रान्झिस्टर आला आणि वाटले, हा प्रश्न कायमचा मिटला. इंटेल कंपनीने १९७१ साली ४००४ हा प्रोसेसर विकायला काढला, तेव्हा २,३०० ट्रान्झिस्टर नखाहून लहान तुकड्यावर बसले होते आणि त्यांचा ताप एक वॅटच्या आसपास होता. त्याला कोण कशाला वारा घालील? परंतु सुख फार दिवस टिकत नाही. तुकड्यावरची वस्ती वाढत गेली. १९९३ साली पेंटियम आला तो सुमारे १५ वॅटचा ताप घेऊन, आणि प्रोसेसरच्या माथ्यावर पंखा ही नेहमीची गोष्ट झाली. २००४ सालापर्यंत पेंटियम-४ ने शंभर वॅट ओलांडले. त्याच वर्षी इंटेलने ‘तेजस’ नावाचा पुढचा प्रोसेसर जन्माआधीच रद्द केला. नाव आपल्या भाषेतले, आणि तेज इतके की सोसवेना!

त्यानंतर वाट बदलली. एकाच गड्याला पळवून पळवून धाप लावण्यापेक्षा दोन, चार, आठ गडी शेजारी शेजारी लावावे आणि काम वाटून द्यावे, असे ठरले. २००५ पासून घरगुती संगणकांतही दोन गाभ्यांचे प्रोसेसर येऊ लागले. काम वाटून घेण्याची ही युक्ती महासंगणकांच्या जगात त्याआधीच चालू होती. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली सिद्ध केलेला ‘परम ८०००’ असाच अनेक प्रोसेसरांच्या सहकारातून उभा राहिला होता. अमेरिकेने महासंगणक देण्यास नकार दिल्यानंतर १९८८ साली ही संस्था निघाली, तेव्हा तिची धुरा डॉ. विजय भटकर यांच्याकडे आली. ते अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, मूर्तिजापूर तालुक्यातले. म्हणजे आमची शकुंतला गाडी यवतमाळहून दारव्ह्यावरून ज्या जंक्शनाला जात असे, तिथलेच! ऊन खाऊन वाढलेल्या मुलखाचा माणूस या कथेत भेटला, याचा मला अंमळ अभिमानच वाटला.

इतके वाचल्यावर माझी मूळ चूक मला कळली. ती शब्दाची होती. आपला वऱ्हाडी कूलर खरोखरच हवा गार करतो, कारण ताटीतले पाणी वाफ होताना हवेतली उष्णता शोषून घेते. प्रोसेसरचा कूलर काहीच गार करीत नाही. तो हमाल आहे. प्रोसेसरच्या माथ्यावरचा ताप उचलायचा आणि खोलीतल्या हवेत नेऊन टाकायचा, एवढेच त्याचे काम. म्हणून तो कितीही उंची असला तरी प्रोसेसरला खोलीच्या हवेहून थंड करू शकत नाही.

हिशेब करून पाहा. समजा, प्रोसेसर ६५ वॅट ताप टाकतो आणि कूलर असा आहे की दर वॅटमागे अर्धा अंश फरक राहतो. म्हणजे प्रोसेसर हवेपेक्षा साडेबत्तीस अंशांनी गरम. वातानुकूलित कचेरीत हवा २५ अंश, तर प्रोसेसर साडेसत्तावन्न. आमच्या खोलीत, कॅबिनेटच्या आत हवा ४५, तर प्रोसेसर साडेसत्याहत्तर. इथवर ठीक आहे. आता पात्यांवर घोंगडे चढले आणि फरक दर वॅटमागे एक अंशावर गेला, असे धरा. कचेरीतला प्रोसेसर ९० अंशांवर कण्हत-कुथत चालेल. आमचा ११० वर जाऊ पाहील. बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. ती जवळ आली की ते आधी चाल मंदावतात आणि तरीही भागले नाही तर स्वतःला वाचविण्यासाठी यंत्र बंद करतात. तेच यंत्र, तोच कूलर; पण वैशाखाने आमच्या खात्यावर वीस अंशांचे कर्ज आधीच मांडून ठेवलेले!

खुंटी मोडल्यामुळे नुसत्या साफसफाईने भागणार नव्हते. नवा कूलर घ्यायचे ठरले, आणि या वेळी निवड मी पुतण्यावर सोपविली. त्याने चार गोष्टी पाहिल्या. पहिली, आपल्या मदरबोर्डच्या बैठकीला तो बसतो का. दुसरी, उंची. मनोऱ्यासारखे कूलर पुष्कळदा १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतात आणि स्वस्त कॅबिनेटचे दारच मग लागत नाही. म्हणून त्याने पट्टी लावून मोजले. तिसरी, शेजारच्या मेमरीच्या पट्ट्यांना पंखा अडतो का. चौथी, प्रोसेसरचा खरा ताप. डब्यावर छापलेला आकडा पुष्कळदा संथ चालीचा असतो. २०२२ साली आलेल्या कोअर आय-५ १२४०० या प्रोसेसरचा छापील आकडा ६५ वॅट आहे. जोरात पळताना मात्र तो ११७ पर्यंत जातो. लग्नात पानांचा अंदाज आमंत्रणपत्रिकांवरून न करता येणाऱ्या माणसांवरून करावा, तसेच हे.

शेवटी चार तांब्याच्या नळ्यांचा, १२० मिलिमीटर पंख्याचा मनोरा आला. त्या नळ्यांनी मला वेड लावले. त्या भरीव नसतात. आत थोडेसे पाणी असते आणि हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे ते पाणी थोड्याच उष्णतेने उकळते. वाफ वर पात्यांकडे धावते, तिथे ताप टाकून पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत परत खाली येते. ही युक्ती अमेरिकेत लॉस ॲलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली सिद्ध केली आणि अंतराळयानांत ती फार उपयोगी पडली. परंतु तेल वातीतून आपोआप वर चढते ते आपण दर दिवाळीला पणतीत पाहतोच. पाणी परत आणणारी शक्ती तीच!

कूलर बसविताना मी फक्त कंदील धरणाऱ्याचे काम केले. पुतण्याने आधी यंत्र थोडा वेळ चालवून कोमट केले, म्हणजे जुनी वाळकी पेस्ट सैल होते; मग तारा काढल्या आणि जुनी चक्री हलकेच पिळवटून उचलली. काही जातींच्या प्रोसेसरांत ती एकदम ओढली तर प्रोसेसरच मुळासकट उपटून येतो. स्पिरिटने माथा पुसला. वाटाण्याएवढी नवी पेस्ट मध्यावर ठेवली. ही पेस्ट दोन धातूंमधल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचा भरते. जास्त थापली तर हमालाच्या वाटेत चिखल केल्यासारखे होते. मदरबोर्डच्या पाठीला आधाराची पट्टी लावून चारही स्क्रू त्याने समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळले, म्हणजे दाब सारखा पडतो. पंख्याचे तोंड असे ठेवले की वारा पुढून येऊन मागच्या जाळीतून बाहेर पडावा. आणि माणसांचा कूलर? तो मी स्वतः उचलून ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, गिऱ्हाइकांच्या बाकासमोर नेऊन ठेवला.

त्या दुपारी खोलीत ४२ अंश असताना यंत्राला तासभर भरपूर काम दिले. आकडा ७५ च्या आसपास जाऊन थबकला. पुतण्या पडद्याकडे पाहत होता आणि मी त्याच्याकडे. “गड्या, रात्रीच्या खेळाचं मी उगाच बोललो,” असे शेवटी मी म्हणालो. तो हसून म्हणाला, “काका, खेळतो तर मी रोजच. पण ताप त्याचा नव्हता ना!”

आता दिवाळी आली आहे. कपाटे, माळे, भांडी सारे घासूनपुसून झाले. यंदा आमच्या घरच्या साफसफाईत एक नवे काम वाढले. कॅबिनेट उघडून मऊ ब्रशाने पात्यांतली धूळ काढणे. ते मी आपण होऊन माझ्याकडे घेतले आहे. मुलीच्या वडिलांना निरोपही धाडला आहे की पुढच्या वर्षीच्या अर्जासाठी दारव्ह्याला जाण्याचे कारण नाही.