विहिरीपासून सर्व्हरपर्यंत : जाळे चालविण्याची विद्या

बीड शहराच्या दक्षिणेस असलेली खजाना विहीर आपणांपैकी बहुतेकांनी पाहिली असेल. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या अमदानीत, सलाबतखानाने ती बांधविली. या विहिरीस मोट नाही. एका अंगाने भूमिगत बोगद्यांवाटे पाणी आत येते आणि दुसऱ्या अंगाने, केवळ जमिनीच्या उतारावर, शेतमळ्यांकडे निघून जाते. तिचे पाणी आटत नाही हा लोकांचा समज बाजूस ठेवला, तरी एक गोष्ट उरतेच : ज्याने हे काम आखले, त्याने बांधण्यापूर्वीच ते रोज चालवावयास किती खर्च येईल याचा विचार केला होता. उतार फुकट मिळतो. बैल फुकट मिळत नाही.

जाळे पाण्याचे असो वा माहितीचे, ते उभारणे ही एक विद्या आणि चालविणे ही दुसरी. संगणकाच्या इतिहासात पहिलीचे कौतुक फार झाले. दुसरीची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही. म्हणून तिच्याविषयी थोडे बोलावयाचे आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली पूर्णपणे कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. या नळ्या तापत आणि जळत. तेव्हा यंत्र गार ठेवणे, जळालेली नळी हुडकून बदलणे, हेही गणिताइतकेच महत्त्वाचे काम होते. पुढे १९९१ साली पुण्याच्या 'सी-डॅक'ने 'परम' हा महासंगणक सिद्ध केला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य नागरिकांस इंटरनेट खुले केले. यंत्रे लहान होत गेली, तारा लांबत गेल्या, आणि प्रश्न शहरातून खेड्यात आला.

तो खेड्यात कसा आला, हे वारणेच्या खोऱ्यात पाहावे. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकाराच्या परिसरात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावांसाठी, १९९८ साली संगणकाचे जाळे विणण्यास आरंभ झाला. गावागावांत संगणककेंद्रे निघाली व ती वारणानगरशी जोडली गेली. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण, सारे काही या जाळ्यातून वाहावे असा संकल्प होता. प्रत्यक्षात केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाच्या व्यवहारापुरताच राहिला : ऊस किती भरला, तोडणीचा परवाना केव्हा, खत किती उचलले. एवढ्यासाठी प्रत्येक गावी एक संगणक, त्याची दुरुस्ती, त्याची वीज आणि त्याची जोडणी, हा भार जड होऊ लागला.

तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी कारखान्याबरोबर एक प्रयोग केला. सात गावांत त्यांनी संगणकाऐवजी साधे मोबाइल फोन वापरले. मध्यवर्ती ठिकाणी एक संगणक, त्यास जोडलेला एक फोन. गावाकडून लघुसंदेशाने प्रश्न यावा व त्याच वाटेने उत्तर जावे. सुमारे आठ महिने हा प्रयोग चालला, आणि तेच काम कमी खर्चात होऊ शकते असे दिसून आले. निर्वात नळ्यांच्या कथेपेक्षा ही कथा कमी झगमगीत आहे. परंतु काटकसरीच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे. वाहावयास पाणी ओंजळभर असेल, तर कालवा खणू नये.

हा धडा बीड जिल्ह्यास विशेष लागू आहे. परळीच्या औष्णिक वीजकेंद्रातील निर्मिती १९७१ साली सुरू झाली. तेच केंद्र २०१३ साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. पाणी नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून यंत्र नाही : ही साखळी येथील माणसाला पुस्तकातून शिकावी लागत नाही. म्हणून पतपेढीत, शाळेत किंवा घरी जो कोणी स्वतःचा सर्व्हर ठेवील, त्याने प्रथम साधे त्रैराशिक मांडावे. दोनशे वॅटचे यंत्र रात्रंदिवस चालले तर वर्षास १,७५२ युनिटे वीज खाते. दहा वॅटचे छोटे यंत्र ८८ युनिटांच्या आत भागविते, आणि घरातील कागदपत्रे व छायाचित्रे सांभाळण्यास ते बहुधा पुरेसे असते. जितकी वीज अधिक तितकी उष्णताही अधिक. ती आपल्या वैशाखात बाहेर घालविण्यास पुन्हा वीज लागते. वीज अकस्मात गेली तर यंत्र शिस्तीने बंद होईल इतकी बॅटरी असावी. आणि दप्तराची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत असावी. एकाच पेटीत ठेवलेल्या दोन प्रती या दोन प्रती नव्हेत.

पण काटकसर हा हिशोबाचा अर्धाच भाग झाला. दिवाळीच्या आगेमागे आपल्या जिल्ह्यातून कोयत्यांच्या टोळ्या कृष्णा-वारणेच्या खोऱ्यांकडे जातात. वारणेचे जाळे सभासद शेतकऱ्यासाठी विणलेले होते. त्याला आपल्या उसाचे वजन गावात बसून कळावे, हा त्याचा हेतू होता. परंतु तोच ऊस ज्याने तोडला, त्याची उचल किती फिटली आणि पट्टा पडल्यावर किती उरली, हा हिशोब राहतो तो मुकादमाच्या वहीत. कोयत्याने किती टन तोडले आणि त्यातून किती उचल वळती झाली, हे दोन आकडे रोज सायंकाळी एका लघुसंदेशाने तोडणाऱ्याच्या हाती देणे, ही यंत्राच्या दृष्टीने अवघड गोष्ट नव्हे. वारणेत सिद्ध झाली ती वाट हीच. अडचण यंत्राची नाही, ती हिशोब दाखविण्याच्या इच्छेची आहे.

पाटाची परीक्षा धरणाच्या भिंतीपाशी होत नाही. ती पाटाच्या शेवटच्या शेतात होते. माहितीच्या जाळ्यासही याहून वेगळा नियम असू शकत नाही.