यांत्रिक अभियांत्रिकी पदवी शिक्षणाची उद्दिष्टे

यंत्रांचे अभिकल्प, निर्मिती, वापर व देखभाल यांसाठी लागणारी पात्रता अंगी यावी म्हणून विद्यापीठीय पातळीवर दिल्या जाणाऱ्या पहिल्या पदवीच्या शिक्षणातून नेमके काय साधावयाचे, याचे उत्तर गेल्या दीड शतकात अनेकदा बदलले आहे. पदवीधर हा वरच्या दर्जाचा कारागीर असावा, की यंत्रामागील शास्त्र जाणणारा अभिकल्पक असावा, हा त्यातील मूळ वाद होय.

इंग्लंडमध्ये यंत्रविद्या कारखान्यात उमेदवारी करून शिकण्याची वहिवाट दीर्घकाळ होती. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने कृषी व यांत्रिक कला शिकविणाऱ्या महाविद्यालयांसाठी सरकारी जमिनी दिल्या आणि यंत्रविद्येला उच्च शिक्षणात अधिकृत स्थान मिळाले. रॉबर्ट थर्स्टन यांनी १८७१ पासून स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमध्ये व १८८५ नंतर कॉर्नेल विद्यापीठात प्रयोगशाळेला या शिक्षणाचे केंद्र बनविले. पदार्थांचे बल, वंगणाचे गुणधर्म, वाफेच्या एंजिनाची कार्यक्षमता या गोष्टी विद्यार्थ्याने स्वतः मोजाव्यात, हा त्यांचा आग्रह होता. कारखान्यांच्या मालकांना मात्र हे फारसे पटले नाही. ज्याने हातात कानस धरली नाही त्याने कामगारांवर हुकमत कशी गाजवावी, अशी त्यांची शंका होती. ती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही.

या वादात एक तोडगा रशियातून आला. मॉस्को येथील शाही तंत्रविद्यालयाचे संचालक व्हिक्टर डेला-व्हॉस यांनी सुतारकाम, लोहारकाम, जोडारीकाम इ. कलांचे त्यांच्या मूळ क्रियांमध्ये पृथक्करण केले व प्रत्येक क्रियेसाठी सोप्याकडून अवघडाकडे जाणारी नमुना-कामांची मालिका तयार केली. नमुना विकावयाचा नसून तो करताना हाताला व डोळ्याला वळण लागावे, एवढाच हेतू होता. वर्षानुवर्षांची उमेदवारी त्यामुळे काही महिन्यांत आटोपता येऊ लागली. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात हे नमुने मांडले गेले, तेव्हा मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे अध्यक्ष जॉन रंकल त्यांनी प्रभावित झाले व त्यांनी ही पद्धती आपल्या संस्थेत आणली. कार्यशाळा ही उत्पादनाची जागा न राहता शिक्षणाची जागा झाली. भारतातील प्रथम वर्षाचा विद्यार्थी लोखंडाचा चौरस तुकडा तासन् तास कानशीने घासून गुण्यात बसतो की नाही ते पाहतो, त्यामागेही हीच कल्पना आहे. ती त्याला क्वचितच सांगितली जाते.

भारतात उद्दिष्ट ठरविले ते सरकारी खात्याने. रूडकीचे महाविद्यालय (१८४७) गंगा कालव्याच्या कामासाठी माणसे हवीत म्हणून निघाले. पुण्यात १८५४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नावात यंत्रविद्या होती. परंतु तिचे कार्य सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करणे हे होते. पुढे ती मुंबई विद्यापीठाला जोडली गेली, तेव्हाही पदविका स्थापत्याचीच राहिली. मो. विश्वेश्वरय्या हे येथेच शिकून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी पुण्यात १९१२ मध्ये, म्हणजे संस्थेच्या स्थापनेनंतर ५८ वर्षांनी सुरू झाली. मुंबईतील परिस्थिती निराळी होती. तेथील कापड गिरण्यांची यंत्रे लँकाशरहून येत आणि ती सांभाळणारे वरिष्ठ तंत्रज्ञही बहुधा तिकडचेच असत. १८८७ मध्ये भायखळा येथे निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटने (आताची वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट) गिरणीची गरज हेच ध्येय मानले. खाते असो वा गिरणी, यंत्र चालविणारा व दुरुस्त करणारा माणूस हवा होता. नवे यंत्र कल्पिणारा कोणी मागत नव्हते. पारतंत्र्यातील तंत्रशिक्षणाची खरी मर्यादा अभ्यासक्रमापेक्षा या मागणीत होती.

दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटले. रडार, जेट एंजिन व अणुऊर्जा यांच्या विकासात भौतिकीविज्ञांचा वाटा मोठा ठरला आणि अनुभवसिद्ध सूत्रांवर पोसलेला अभियंता मागे पडला, अशी जाणीव अमेरिकेत पसरली. ग्रिंटर समितीच्या १९५५ च्या अहवालाने घन पदार्थांची यामिकी, द्रायुयामिकी, ऊष्मागतिकी इ. अभियांत्रिकी विज्ञानांना सुमारे एक-चतुर्थांश वेळ द्यावा आणि मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे यांना सुमारे एक-पंचमांश द्यावा, अशी शिफारस केली. भारतात सरकार समितीच्या १९४६ च्या अंतरिम अहवालानुसार खरगपूर येथे १९५१ मध्ये पहिली भारतीय तंत्रज्ञान संस्था निघाली. मुंबईची संस्था (१९५८) सोव्हिएट साहाय्याने, तर कानपूरची (१९५९) पुढे नऊ अमेरिकन संस्थांच्या सहकार्याने वाढली. नियोजित औद्योगिकीकरणासाठी अभिकल्पक घडविणे हे आता घोषित ध्येय होते. मात्र उद्योगांनी बरेचसे अभिकल्प परदेशी सहकार्य-करारांतून आणल्यामुळे पदवीधराच्या वाट्याला पुष्कळदा उत्पादन व देखभाल हीच कामे आली.

यानंतरचा बदल भाषेचा होता. अमेरिकन अधिस्वीकृती मंडळाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वीकारलेल्या निकषांत काय शिकविले याऐवजी विद्यार्थ्याला काय करता येते हे विचारले. त्यात ११ निष्पत्ती होत्या व संघकार्य, संदेशवहन, व्यावसायिक नीती यांना गणिताच्या पंक्तीला बसविले होते. यांत्रिक शाखेपुरती ऊष्मीय व यांत्रिक अशा दोन्ही प्रणालींची ओळख आवश्यक ठरविली गेली. १९८९ च्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सभासद झाला आणि राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळाने १२ निष्पत्तींची चौकट येथे रूढ केली. पदवीनंतर काही वर्षांनी दिसावयाची ती ‘उद्दिष्टे’ व पदवीच्या वेळी अंगी असावयाच्या त्या ‘निष्पत्ती’ हा त्यातील भेद मोलाचा आहे. व्यवहारात मात्र अनेक महाविद्यालयांची उद्दिष्टे जवळजवळ त्याच शब्दांत लिहिलेली आढळतात आणि अध्यापकाचा बराच वेळ गुणांची कोष्टके भरण्यात जातो.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमाने पदवीचे एकूण श्रेयांक १६० वर आणले व उद्योगातील प्रत्यक्ष प्रशिक्षणावर भर दिला. त्यात प्रथम वर्षाच्या कार्यशाळेला ३ श्रेयांक आहेत.