तळटीप : इप्पोलिट
* इप्पोलिट : २००९ मध्ये निनावी मंडळींनी मूळ कोडसह फुकट खुला केलेला, अतिशय ताकदवान बुद्धिबळ प्रोग्राम. कर्त्यांच्या टोपणनावांपैकी गोल्याद्किन हे दस्तयेवस्कीच्या नायकाचे, ज्याच्यापुढे त्याचाच तोतया उभा राहतो. नकलेच्या संशयाला ते नाव साजेसेच. ‘रिब्का ३’ हा बुद्धिबळ प्रोग्राम उलगडून ही नक्कल केली, असे रिब्काचे कर्ते वासिक राजलिक म्हणत. निर्णायक पुरावा मात्र पुढे आला नाही. चाली जुळल्या म्हणून चोरी ठरत नाही, कोड ताडूनच पाहावा लागतो. २०११ मध्ये संगणक-बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ‘फ्रूट’ आणि ‘क्राफ्टी’ या प्रोग्राममधून उचलेगिरी केल्याचा ठपका ठेवून खुद्द रिब्काचीच जगज्जेतेपदे काढून घेतली, तो प्रश्न निराळा. वरील मजकुरातला इप्पोलिटवरचा आरोप वाचकांनी सिद्ध मानू नये. – संपादक