मोरचेल आणि तेरेखोलची हद्द

पावसाळा सरत आला की मोर पिसारा गाळतो. ती पिसं गोळा करून जुडी बांधायची, बुडाशी मूठ बसवायची, की झालं मोरचेल. श्रीमंताघरी ती मूठ चांदीची. काम काय, तर माश्या हाकणं! पिसांतला निळा रंग मात्र विलक्षण. तो रंगद्रव्याचा नसतोच. पिसाच्या सूक्ष्म बांधणीवरून प्रकाश परततो म्हणून निळाई दिसते, आणि म्हणूनच वर्षानुवर्षं विटत नाही.

देवाच्या पालखीबरोबर अबदागीर आणि चवरीसोबत मोरचेल चालतं. दर्ग्यात भाविकांच्या माथ्यावरून ते फिरतं. तिथे कुणाचं काही अडत नाही. दरबारात मात्र गोष्ट वेगळी होती. छत्र, नौबत, माहीमरातब, मोरचेल या सगळ्या बादशहाने द्यायच्या चिजा. सरदाराला गळाभर मोती घालायला कुणाची आडकाठी नव्हती, पण डोक्यावर मोरचेल ढाळून घ्यायचं तर वरून परवानगी हवी. दागिन्याने ऐपत कळे, मोरचेलाने पायरी. शेजाऱ्याला ते मिळालेलं नाही, यातच त्याची निम्मी किंमत होती.

सावंतवाडीच्या तिसऱ्या खेम सावंतांना (कारकीर्द १७५५ ते १८०३) हा मान मिळाला तो सोयरिकीतून. १७६३ साली त्यांचं लग्न जयाप्पा शिंद्यांची लेक लक्ष्मीबाई हिच्याशी झालं. जयाप्पा म्हणजे महादजींचे थोरले भाऊ. चुलतसासऱ्यांचं दिल्लीत वजन. बादशहाकडून ‘राजेबहाद्दर’ हा किताब आला आणि मोरचेलही.

कोल्हापूरकरांना ते झोंबलं. एकीकडे छत्रपतींची गादी, दुसरीकडे सावंत, म्हणजे कुडाळचे सरदेसाई, आणि त्या सरदेसायांवर मोरपिसं ढाळायची? दोन्ही घराण्यांत कुरबुरी जुन्याच होत्या, पण या मानाने त्यांना चांगलंच निमित्त पुरवलं. कोल्हापूरची फौज सावंतवाडीच्या मुलखात उतरली, काही किल्लेही गेले. ते पुढे परत मिळाले, तेही शिंद्यांच्याच शब्दावर.

दरम्यान वाडीकरांना मदत हवी होती, आणि ती जवळ होती गोव्यात. पोर्तुगीजांशी त्यांचं वैर पिढीजात. १७४६ मध्ये याच सावंत घराण्याचा हळर्णचा किल्ला घेतल्याबद्दल व्हाइसरॉयला पोर्तुगालच्या राजाने ‘मार्किस ऑफ आलोर्ना’ अशी पदवी दिली होती. पेडण्यातल्या एका खेड्याचं नाव लिस्बनच्या एका उमराव घराण्याने पिढ्यान् पिढ्या मिरवलं! हळर्णकरांना त्याचा काय उपयोग झाला, ते विचारू नये.

तर कोल्हापूरकरांविरुद्धच्या मदतीच्या बदल्यात १७८८ मध्ये पेडणे महाल पोर्तुगीजांकडे गेला. तोवर आरोंद्यापाशी तेरेखोल नदीच्या दोन्ही काठांवर सावंतांचा अंमल होता. आता उत्तर काठचं आरोंदा वाडी संस्थानात राहिलं आणि समोरचं किरणपाणी परक्या राज्यात गेलं. होडीच्या एका खेपेचं अंतर, पण मध्ये हद्द.

वाडी संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, १९६१ मध्ये पोर्तुगीज गोव्यातून गेले. हद्द काही हलली नाही. आज आरोंदा महाराष्ट्रात, सावंतवाडी तालुक्यात आहे आणि किरणपाणी गोव्यात. मध्ये पूल झाला आहे.