रिमोटचे विमान : आधी तोल, मग मोटर, पहिल्या उड्डाणाआधी काय काय तपासायचे

एनसीसीच्या हवाई विभागात एअरोमॉडेलिंग असते, डिप्लोमा-इंजिनिअरिंगची मुले प्रोजेक्टसाठी विमान बांधतात, आणि फवारणीचे ड्रोन शिवारात दिसू लागल्यापासून शाळकरी पोरांनाही रिमोटच्या विमानाचे वेड लागले आहे. रिमोट, मोटर, बॅटरी, चार्जर धरून संच आठ-दहा हजारांच्या घरात जातो. एवढे पैसे घालून बांधलेले विमान पुष्कळदा पहिल्या अर्ध्या मिनिटातच नांगरटीत नाक खुपसते. दोष मग वाऱ्याला दिला जातो. खरी चूक बहुधा विमान हातातून सुटण्याआधीच झालेली असते, आणि ती घरच्या ओसरीवर सापडू शकते.

शिकाऊ माणसाने पंख वर असलेले, साधारण एक मीटर पंखाचे विमान घ्यावे. पंख वर असला की वजन खाली लोंबते आणि विमान स्वतःहून सरळ व्हायला बघते. लढाऊ विमानाचा आकार दिसायला झकास, पण पहिल्यासाठी तो नको. सोबतीला २२१२ मापाची १००० केव्हीची ब्रशलेस मोटर, ३० अँपिअरचा ईएससी म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारे सर्किट, ९ ग्रॅमच्या चार सर्व्हो, ११.१ व्होल्टची २२०० एमएएच लायपो बॅटरी आणि २.४ गिगाहर्ट्झचा सहा चॅनलचा रिमोट, एवढ्यात काम भागते.

जोडणी करताना

थर्मोकोलवर झटपट चिकटणारा गोंद लावू नये, तो थर्मोकोल खातो. स्प्रे पेंटचेही तसेच. लाकडाचा पांढरा गोंद चालतो, फक्त रात्रभर वाळू द्यावा लागतो. पंखाच्या आत लांबीभर कार्बनची काडी किंवा बांबूची चांगली कामटी बसवावी; नाहीतर वळण घेताना पंख मधूनच मोडतो. पंख अंगाला कायमचा चिकटवू नये. दोन्ही बाजूंनी काड्या काढून रबरबँडने फुलीसारखा आवळावा. विमान आपटले तर पंख निसटून बाजूला पडतो, मोडत नाही.

सर्व्होपासून शेपटीच्या हलत्या भागापर्यंत जाणारी तार सरळ आणि कडक हवी. सायकलचा स्पोक यासाठी उत्तम. तार लांब असेल तर मध्ये एखादी नळी चिकटवून तिला आधार द्यावा. नाहीतर रिमोटची काडी ओढली की तार नुसती वाकते, शेपटी हलतच नाही. जमिनीवर हे लक्षात येत नाही, कारण तिथे वाऱ्याचा दाब नसतो. बोटाने भाग थोडा दाबून धरून सर्व्हो चालवून बघितली की लगेच कळते.

तोल

सगळ्यात जास्त विमाने इथेच जातात. विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश भागात यायला हवा. पंख २० सेंटीमीटर रुंद असेल तर पुढच्या कडेपासून ५ ते साडेसहा सेंटीमीटर. पहिल्या वेळी साडेपाचच्या आतच ठेवावा. पंखाच्या खालून दोन्ही बाजूंना पेनाने खूण करायची, बॅटरी आत बसवायची, आणि त्या खुणांवर फक्त दोन बोटे टेकवून विमान उचलायचे. नाक किंचित खाली झुकले तर ठीक. शेपूट खाली बसली तर त्या दिवशी उड्डाण नाही.

बैलगाडी उलाळ झाली की काय होते ते गावात सांगायला नको. जू वर उचलते आणि बैल असूनही गाडी हातात राहत नाही. मागे जड झालेले विमान तसेच वागते. नाक वर होते, वेग मरतो, एक पंख पडतो आणि विमान गिरक्या घेत खाली येते. पुढे जड असलेले विमान सुस्त उडते, लांबून उतरते, पण निदान परत येते.

शेपटीवरचे थोडे वजनही महागात पडते. शेपूट पंखापासून ५० सेंटीमीटर मागे आणि बॅटरी १५ सेंटीमीटर पुढे असेल, तर शेपटीला लागलेल्या १० ग्रॅम जादा गोंदासाठी नाकात सुमारे ३३ ग्रॅम वाढवावे लागतात. म्हणून शेपटीला हात आखडूनच गोंद लावावा, आणि आधी शिसे न चिकटवता बॅटरीच पुढे सरकवून बघावी. बॅटरीची जागा एकदा ठरली की तिथे खूण करून पट्ट्याने घट्ट बांधावी. हवेत बॅटरी मागे सरकली तर तोल पुन्हा बिघडतो.

डावा-उजवा तोलही बघावा. नाक आणि शेपूट धरून विमान उचलले आणि एकच पंख सारखा खाली जात असेल, तर हलक्या पंखाच्या टोकाला एखादे नाणे टेपने लावले तरी पुरते.

वायरिंग आणि दिशा

हे सगळे काम प्रोपेलर काढूनच. दहा इंची पाते मिनिटाला हजारो फेरे घेते. ते थांबले आहे असे वाटते आणि एका धक्क्यात बोट जाते. आधी रिमोट चालू करायचा, थ्रॉटल पूर्ण खाली, मग विमानाची बॅटरी जोडायची. बंद करताना उलटे : आधी बॅटरी काढायची, मग रिमोट.

मग विमानाच्या मागे उभे राहून, नाक पुढे ठेवून तपासायचे. उजव्या वळणासाठी काडी उजवीकडे नेली की उजव्या पंखाचा एलेरॉन वर आणि डाव्याचा खाली जायला हवा. काडी स्वतःकडे ओढली की शेपटीचा आडवा भाग, म्हणजे एलिव्हेटर, वर उचलला पाहिजे. रडर उजवीकडे दिला की त्याची मागची कड उजवीकडे वळते. एखादा भाग उलटा हलत असेल तर रिमोटच्या सेटिंगमध्ये ते चॅनल उलटे करायचे, वायर कापायची गरज नाही. मोटर उलटी फिरत असेल तर तिच्या तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल केली की झाले.

ही तपासणी एकट्याने करू नये. एकाने मोठ्याने ‘उजवा’ म्हणायचे, दुसऱ्याने बघून सांगायचे. एलेरॉन उलटा असलेले विमान जमिनीवर अगदी नवेकोरे दिसते आणि उडाल्यावर दोन सेकंदांत पाठीवर पडते.

सिग्नल तुटला तर मोटर बंद व्हावी, अशी फेलसेफची सोय रिसीव्हरमध्ये लावून घ्यावी. खात्री करायला प्रोपेलर काढलेलाच ठेवायचा, मोटर हळू फिरवायची आणि रिमोट बंद करून बघायचा. मोटर फिरतच राहिली तर सेटिंग चुकले आहे. त्यानंतर एकाने विमान धरावे, दुसऱ्याने रिमोट घेऊन साठ-सत्तर पावले लांब जावे आणि सगळे भाग हलवून बघावेत.

शेवटी प्रोपेलर बसवायचा. त्यावरची अक्षरे पुढे, म्हणजे विमान ज्या दिशेला जाणार तिकडे हवीत. उलटा बसवला तरी तो फिरतो, पण ओढ कमी पडते आणि मोटर मात्र तापते.

बॅटरीशी खेळ नको

लायपोचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो. उड्डाणात तो साडेतीनच्या खाली उतरू देऊ नये. तीन सेलची २२०० एमएएच बॅटरी २.२ अँपिअरवर, बॅलन्स चार्जरनेच चार्ज करायची. चार्जिंग फरशीवर किंवा विटांवर करावे, गादीवर किंवा कडब्याजवळ नाही, आणि लावून झोपू नये. बॅटरी फुगली असेल तर ती संपली असे समजावे, दाबून सपाट करायला जाऊ नये. उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवणेही धोक्याचे. आठवडाभर उडवायचे नसेल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवले की बॅटरी जास्त टिकते.

जागा, वेळ आणि नियम

ड्रोन नियम २०२१ मध्ये ही विमानेही येतात. शिकण्यासाठी आणि हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानाला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण जागेचे बंधन आहे. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत मुभा आहे, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच, आणि त्याच्या आत परवानगीशिवाय नाही. आपले गाव कोणत्या झोनमध्ये येते ते डिजिटल स्कायच्या नकाशावर दिसते, नोंदणीचे नियमही बघून घ्यावेत. शिर्डीचे विमानतळ कोपरगाव तालुक्यातल्या काकडीला आहे, बारामतीला वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. अशा भागातल्या मुलांनी तर आधी नकाशा, मग विमान. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

जागा म्हणाल तर सोयाबीन निघालेले किंवा हरभरा काढलेले मोकळे रान. विजेच्या तारा, रस्ता, वस्ती आणि चरणारी जनावरे लांब हवीत. शेजारी उभा ऊस नको. उसात पडलेले विमान शोधणे म्हणजे दिवस गेला. पडलेच तर ते जिथे दिसेनासे झाले त्या रेषेत एखादे झाड धरून ठेवावे आणि एकाने तिथून न हलता दुसऱ्याला आवाज देत राहावे. बऱ्याच ईएससी रिमोट बंद केला की टूं-टूं आवाज करतात, त्याचाही माग लागतो.

वेळ सकाळची, ऊन तापायच्या आत. चिमूटभर माती सोडून वारा कुठून येतो ते बघावे आणि विमान वाऱ्याच्या तोंडावरच सोडावे. फेकणाऱ्याने विमान सरळ, जमिनीला समांतर ढकलायचे, वर भिरकवायचे नाही. हात प्रोपेलरच्या मागेच राहिला पाहिजे. थ्रॉटल पाऊणच्या आसपास.

दोन-तीन नारळांच्या उंचीवर गेल्यावर मोटर कमी करून विमान सरळ जाते का ते बघायचे आणि रिमोटच्या ट्रिम बटणांनी थोडे थोडे सुधारायचे. विमान आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा डावे-उजवे उलटे वाटते. अशा वेळी जो पंख खाली झुकला दिसतो, त्याच बाजूला काडी न्यायची म्हणजे तो वर येतो. रिमोटवर सहा मिनिटांचा गजर लावावा आणि तो वाजला की उतरवायला लागावे, मग विमान कितीही छान उडत असो.