टेबलात शून्य लिहिण्याआधी : अब्बास मुंतसिर, नागपाडा आणि माझा मामा

मागच्या महिन्यात तळेगावला पेटची तयारी करणाऱ्या चार-पाच मुलांशी बोलत होते. त्यातल्या एकाला खेळांच्या इतिहासावर काम करायचंय. मुलगा वडगाव मावळचा, शाळेत असताना बास्केटबॉल खेळायचा. त्याने ठरवलेला विषय होता, ‘महाराष्ट्रातील व्यावसायिक बास्केटबॉलपटूंची कारकीर्द, १९५० ते २०००’. पंधरा दिवस शोधून तो म्हणाला, “ताई, विषय मेला. एकही सापडत नाही. शून्य.”

त्याला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. ही पोस्ट म्हणजे ते उत्तर. तुमचा विषय बास्केटबॉल नसला तरी वाचा, कारण ही अडचण आज ना उद्या तुमच्याही टेबलात येणार आहे.

आधी माझं शून्य

तुम्हाला माहीत आहे, मी इतिहासाची नाही, रसायनशास्त्राची. लोणावळ्याजवळ उगम पावणाऱ्या इंद्रायणीचं पाणी मी देहूपर्यंत ठिकठिकाणी बाटल्यांत भरते आणि त्यात शिसं किती आहे ते मोजते. पहिल्या वर्षी मी केलेल्या टेबलात वरच्या दोन ठिकाणांपुढे ० लिहिलं होतं. मशीननेच तसं दाखवलं होतं, माझा काय दोष! मॅडमनी लाल पेनाने दोन्ही शून्यं खोडली आणि म्हणाल्या, “मशीनला दिसलं नाही, इतकंच तुला माहीत आहे. नदीत नाही, हे तुला कुणी सांगितलं?”

प्रत्येक उपकरणाला एक शोधमर्यादा असते. ती काढायची पद्धत सोपी आहे. ज्यात शिसं नाही असं शुद्ध पाणी, म्हणजे ब्लँक, दहा वेळा मोजायचं. आकडे थोडे वरखाली होतात. त्या चढउताराचं प्रमाण विचलन काढायचं, त्याची तिप्पट करायची आणि कॅलिब्रेशन रेषेच्या उताराने भागायचं. येणाऱ्या आकड्याच्या खाली काय आहे, याबद्दल ते मशीन आंधळं असतं. म्हणून टेबलात ‘०’ लिहायचं नाही, ‘शोधमर्यादेखाली’ असं लिहायचं. तरीही त्या पातळीवर काय आहे हे कळायलाच हवं असेल, तर नदी बदलता येत नाही, पद्धत बदलावी लागते.

इतिहासात आपलं उपकरण म्हणजे आपला शब्द. ‘व्यावसायिक बास्केटबॉलपटू’ या शब्दाने त्या मुलाने पन्नास वर्षं मोजली आणि शून्य आलं. तेव्हा आधी या शब्दाची शोधमर्यादा काढू.

‘व्यावसायिक’ म्हणजे कोण?

आज हा शब्द ऐकला की डोळ्यासमोर एनबीए येतं. खेळाडू, क्लब, करार, पगार. या अर्थाने पाहिलं तर भारताची गोष्ट अगदी अलीकडची आहे. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५ साली एनबीएच्या ड्राफ्टमध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला. अशी निवड झालेला तो पहिला भारतीय, आणि त्यालाही एनबीएच्या नियमित हंगामातला एक सामना मिळाला नाही. देशातली युबीए ही व्यावसायिक लीगसुद्धा २०१५ चीच. तिच्यात पुणे पेशवाज नावाचा संघ होता. ती लीग दोन-तीन वर्षांत थांबली.

म्हणजे १९५० ते २००० या काळात भारतात अशी लीगच नव्हती. जे दुकान उघडलंच नव्हतं, त्याच्या पावत्या आपण शोधतोय! मुलाच्या हाती आलेलं शून्य खेळाडूंबद्दल काही सांगत नाही, ते त्याने वापरलेल्या शब्दाबद्दल सांगतं.

आता प्रश्न बदलून बघा. ‘या काळात महाराष्ट्रात बास्केटबॉलवर कुणाचं आयुष्य उभं राहिलं?’ असं विचारलं की टेबल भरायला लागतं. पहिलं नाव येतं गुलाम अब्बास मुंतसिर यांचं.

अब्बास मुंतसिर

मुंतसिर यांचा जन्म १९४२ चा. मुंबईत, नागपाड्यात ते खेळायला शिकले. साठच्या दशकात भारतीय संघात आले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. बास्केटबॉलमधला पहिला अर्जुन पुरस्कार १९६१ चा. त्या काळात राष्ट्रीय पातळीवर सैन्यदलाच्या संघाचा दबदबा होता. अशा वेळी मुंबईतल्या एका दाट वस्तीतल्या खेळाडूपर्यंत तो पुरस्कार पोहोचला, हे लक्षात ठेवा. पुढे आपल्याला ते लागणार आहे.

१९७५ साली बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ते भारताचे कर्णधार होते. पहिल्यांदाच उतरलेला चीन पहिला आला, जपान दुसरा, दक्षिण कोरिया तिसरा आणि भारत चौथा. आधीचा विजेता फिलिपिन्स आपल्या मागे राहिला. या स्पर्धेत भारतीय पुरुषांनी यापेक्षा वरचं स्थान आजतागायत मिळवलेलं नाही. २०२२ साली मुंतसिर यांचं निधन झालं.

करार नाही, क्लब नाही, लीग नाही. जुन्या मोजपट्टीवर हा माणूस शून्य. नव्या मोजपट्टीवर तो आशियातल्या चौथ्या क्रमांकाच्या संघाचा कर्णधार.

पण इथे थांबलात तर तुमचं लेखन गौरवगाथा होईल, संशोधन होणार नाही. पुढचा प्रश्न विचारावाच लागतो : नागपाड्यातच का?

एकाच घरातून दोन गोष्टी

त्यासाठी थोडं मागे जाऊ. बास्केटबॉल हा जन्मतारीख माहीत असलेला खेळ आहे. डिसेंबर १८९१, अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड, वायएमसीएची प्रशिक्षण शाळा. हिवाळ्यात मुलांना छताखाली खेळता यावं म्हणून जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने फळांच्या टोपल्या टांगल्या आणि १३ नियम लिहिले. त्या पहिल्या वर्गातल्या डंकन पॅटन यांनी काही वर्षांतच हा खेळ कलकत्त्याला आणला. १९२० मध्ये हॅरी बक यांनी मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय सुरू केलं आणि तिथून तयार झालेले शिक्षक देशभर गेले.

मुंबईत आणखी एक धागा जुळला. अमेरिकन मराठी मिशनने १९२७ साली नागपाड्यात ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ सुरू केलं. क्लिफर्ड मॅनशार्ट तिथले प्रमुख. गिरणी आणि गोदी कामगारांच्या, अनेक धर्म आणि भाषांच्या त्या वस्तीत हे घर म्हणजे वर्ग, दवाखाना, वाचनाची जागा आणि खेळाचं अंगण. याच घरात १९३६ साली समाजकार्याचं शिक्षण देणारी टाटांची संस्था सुरू झाली आणि मॅनशार्टच तिचे पहिले संचालक झाले. १९४४ पासून आपण तिला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणतो. तुमच्यातले निम्मे जण जिच्या प्रवेशपरीक्षेचे फॉर्म भरतात, ती टिस आणि नागपाड्याचं बास्केटबॉल एकाच छताखाली वाढलं.

जागेचा हिशोबही बघा. बास्केटबॉलचं मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद, म्हणजे ४२० चौरस मीटर. चार गुंठ्यांच्या थोडं वर. क्रिकेटला लागणारी जागा नागपाड्यात स्वप्नातही मिळाली नसती. ४२० चौरस मीटर मात्र निघू शकतात. दिवे लावले की पाळी संपवून आलेला माणूस रात्रीही खेळतो आणि कठड्यावर बसून बघणारी लहान मुलं बघता बघता शिकतात. पिढ्यान् पिढ्या मुलं घडवणाऱ्या बच्चू खान या प्रशिक्षकांचं नाव आज तिथल्या महापालिकेच्या मैदानाला आहे.

सैन्यदलात खेळाडू निवडून आणून तयार केला जातो. नागपाड्यात तो गल्लीतून वर येतो. या दोन यंत्रणा वेगळ्या आहेत, आणि म्हणूनच १९७० चा पुरस्कार लक्षात ठेवा म्हटलं होतं. तो एका माणसाला मिळाला असला तरी दुसऱ्या यंत्रणेचा पुरावा आहे.

मग मावळात का नाही?

आमच्यात म्हण आहे, कंट्रोल नसेल तर निष्कर्ष नाही. नागपाड्यात जे होतं त्यामुळे खेळाडू घडले असं म्हणायचं, तर ते जिथे नव्हतं अशी जागा शेजारी ठेवून बघावी लागते. मी माझा मावळ ठेवला.

मावळात व्यायामाची परंपरा नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणांनी मोजायला घेतला. नौदलाची आयएनएस शिवाजी १९४५ पासून लोणावळ्यात आहे. आणि गंमत म्हणजे बास्केटबॉल जगभर नेणाऱ्या वायएमसीएचाही मुंबई शाखेचा तळ मावळातल्या नीळशीला आहे. शिवाय जत्रेतली कुस्ती आणि गावोगावची कबड्डी आहेच.

फरक मला असा दिसतो. नागपाड्याचं अंगण वस्तीचं होतं. लोणावळ्याच्या मोठ्या संस्थांत बाहेरची माणसं येतात, शिकतात आणि निघून जातात, त्यांच्याबरोबर त्यांचा खेळही जातो. गावातल्या पोराला रोज संध्याकाळी जाता येईल असं, दिवा असलेलं अंगण त्यातून तयार होत नाही.

हे गृहीतक आहे, निष्कर्ष नाही, आणि त्यातली भोकं मीच दाखवते. मावळात जागेची टंचाई नव्हती. भातकापणी झाली की खाचरं मोकळी होतात, मग छोट्या मैदानाचा खेळ कशाला हवा? लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उघड्या सिमेंटवर चार महिने शेवाळ धरतं. वस्तीची दाटी, पाऊस, कामाच्या वेळा, सगळंच वेगळं. एक गोष्ट बदलून बाकी सारं स्थिर ठेवणं प्रयोगशाळेत जमतं, इतिहासात जमत नाही. म्हणून तुलना करायचीच नाही असं नाही. तुलनेशेजारी तिच्या अडचणी लिहायच्या.

पिशवीतले कागद

हे सगळं लिहून झाल्यावर मी कामशेतला मामाकडे गेले. मामा कॉलेजात बास्केटबॉल खेळायचा आणि खेळाडूंच्या भरतीतून रेल्वेत क्लार्क म्हणून लागला. आजी शेवटपर्यंत म्हणायची, “खेळून कुणाचं पोट भरलंय?” ते म्हणताना ती जो भात वाढायची, तो मामाच्याच पगारातला असायचा. मामेभावाच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून दरवर्षी ‘नोकरी’ लिहिलं जायचं. मामा खेळाडू होता हे आमच्या घरात कधी कुठे लिहिलंच गेलं नाही. मी दहा वर्षं ऐकत होते की त्याचा गुडघा ‘वयामुळे’ गेला.

“मामा, तुझ्याकडे खेळाचं काही आहे का? फोटो, सर्टिफिकेट?” असं विचारलं. म्हणाला, “फोटो पावसात गेले. कागद आहेत थोडे.” त्याने कपाटावरून प्लास्टिकची पिशवी काढली. आत रजेचे आदेश होते. सरकारी नोकरीतल्या खेळाडूला स्पर्धेसाठी विशेष किरकोळ रजा मिळते. प्रत्येक कागदावर तारीख, स्पर्धा, ठिकाण. आम्ही ते जमिनीवर क्रमाने मांडले. नऊ वर्षांची कारकीर्द पंख्याच्या वाऱ्याने हलत होती. मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग एक कागद उचलून म्हणाला, “या वेळी आपण हरलो होतो बघ.”

मुंतसिर यांचं नाव पुरस्कारांच्या यादीत आहे. माझा मामा रजेच्या फाइलमध्ये आहे. कर्णधाराच्या मागे संघ असतो, आणि त्या संघांच्या मागे असे शेकडो लोक, ज्यांचा व्यवसाय कागदावर ‘नोकरी’ आहे. फक्त याद्या बघाल तर तुम्हाला टिकून राहिलेली नावंच दिसतील आणि तेवढेच खेळाडू होते असं वाटेल.

तुमच्यासाठी

संशोधन प्रस्ताव लिहायला बसण्याआधी तीन गोष्टी करा. शीर्षकातला मुख्य शब्द त्या काळात त्याच अर्थाने वापरला जायचा का, ते तपासा. काहीच सापडलं नाही तर ज्या शब्दाने शोधलंत, त्याची मर्यादा वहीत लिहा. आणि तुमचा माणूस कुठल्या कागदावर ‘दुसरंच कुणीतरी’ म्हणून नोंदला गेला असेल, याचा विचार करा. सेवापुस्तक, रजेचा आदेश, पगारपत्रक, हजेरीपट.

वडगावच्या मुलाने शीर्षक बदललंय. आता ते आहे, ‘खेळाडू भरती आणि बास्केटबॉल : महाराष्ट्रातील रेल्वे कर्मचारी, १९५० ते २०००’. येत्या रविवारी तो कामशेतला येतोय. मामाने त्याच्यासाठी कागद पुन्हा क्रमाने लावून ठेवलेत, आणि या वेळी प्रत्येकावर पेन्सिलीने निकालही लिहिलाय.