नवं-जुनं

मार्च लागला की आपल्या नांदेड-लातूरकडं घरोघर एकच विचारणा असते, "सोसायटीचं नवं-जुनं झालं का?" म्हणजे जुनं पीककर्ज भरायचं आणि आठ-पंधरा दिवसांत नवं उचलायचं. नवं बहुतेक वेळा जुन्यापेक्षा जरा मोठंच असतं. भरायला हातात पैसा नसतो, म्हणून कुणाकडून तरी शेकडा पाच रुपयांनी तेवढ्या दिवसांपुरता घेतात. नवं कर्ज मिळालं की त्याचं त्याला देऊन टाकतात. कागदावर सगळं वेळेवर भरलेलं दिसतं. घरात मात्र बियाणं घेण्याइतकाही पैसा उरलेला नसतो, आणि आकडा तेवढा वाढलेला असतो.

यंदा आमच्या दोन-तीन गटांनी बँकेकडून कर्जाची मर्यादा वाढवून घ्यायचा विषय बैठकीत मांडला आहे. त्यावर हात वर करण्याआधी मागचा हिशेब बघावा असं आम्हाला वाटलं. मागचा म्हणजे पार दीडशे वर्षांचा.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत आपसातलं युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. इंग्रजी मुलखात, पुणे आणि नगरच्या बाजूला, सावकारांनी हात सैल सोडला. मागेल त्याला कर्ज. त्यामागं आणखी एक कारण होतं. नव्या सारापद्धतीत जमीन शेतकऱ्याच्या नावावर लागली होती आणि दिवाणी कोर्टातून ती जप्त करता येऊ लागली होती. म्हणजे सावकार किती द्यायचं ते शेतकऱ्याची कमाई बघून ठरवत नव्हता, त्याची जमीन बघून ठरवत होता. युद्ध संपलं, कापूस घसरला, आणि सैल सुटलेला हात आवळला गेला. पण आधी उचललेलं कर्ज तसंच राहिलं.

आता यातली गंमत ऐका, म्हणजे गंमत कसली. १८५९ साली सरकारनं मुदतीचा कायदा केला होता. रोख्यावरच्या कर्जाचा दावा तीन वर्षांत लावायचा, नाहीतर तो बुडाला. कुळाचं भलं व्हावं म्हणून तीन वर्षांची मुदत. पण सावकारानं त्यातून वाट काढली. तीन वर्षं भरत आली की शेतकऱ्याला बोलवायचं, व्याज मुद्दलात मिळवायचं आणि नवा रोखा लिहून घ्यायचा. समजा शंभर रुपये, वर्षाला २४ टक्के. तीन वर्षांनी १७२ चा रोखा. पुढच्या तीन वर्षांनी, मध्ये काहीच फेडलं नसेल तर, जवळजवळ २९६ चा. शेतकऱ्यानं नव्यानं एक रुपया उचलला नाही आणि कर्ज तिप्पट. नवं-जुनं ते हेच.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या दारावर गेले. त्यांनी वह्या आणि रोखे मागून घेतले आणि जाळले. हे लोण पुणे-नगरच्या कितीतरी गावांत पसरलं. पुढं चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. कोर्टानं नुसता रोखा बघायचा नाही, कर्ज मुळात किती होतं आणि कसं वाढलं ते उकरून बघायचं, ही त्यातली मोठी गोष्ट.

आपण मात्र तेव्हा मोगलाईत. निजामाच्या राज्यात तो कायदा लागू नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. आमच्या आज्या ‘सवाई-दिढी’ म्हणायच्या. पेरणीला एक पोतं ज्वारी आणली की सुगीला सव्वा पोतं परत, नाहीतर दीड. नाही फिटलं तर घरातला एक माणूस सालगडी म्हणून जायचा. वहीत बाईचं नाव कधी नसायचं, तिचं डोरलं आणि पाटल्या मात्र असायच्या.

स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या गोरवाला समितीनं देशभर पाहणी केली आणि १९५४ मध्ये अहवाल दिला. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी सोसायट्यांचा वाटा जेमतेम ३ टक्के निघाला आणि सावकारांचा ७० टक्क्यांच्या आसपास. मग १९६९ ला बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७६ ला नांदेडात मराठवाडा ग्रामीण बँक निघाली, १९८२ ला नाबार्ड. बाईचं नाव वहीत यायला १९९२ उजाडलं. त्या वर्षी नाबार्डनं बचत गटांना बँकेशी जोडायचं काम प्रयोग म्हणून हाती घेतलं. आपल्याकडं पुढच्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. घरं पुन्हा उभी करायच्या कामात लातूर-उस्मानाबादच्या गावांतल्या बाया एकत्र बसू लागल्या आणि त्यातून कित्येक ठिकाणी बचत सुरू झाली.

१९९८ पासून किसान क्रेडिट कार्ड आलं. त्याची मर्यादा कशी ठरते हे घरातल्या बाईला सहसा कुणी सांगत नाही. कोणत्या पिकाला एकरी किती द्यायचं हे जिल्ह्यात ठरतं. ते गुणिले आपलं क्षेत्र, वर घरखर्चासाठी १० टक्के आणि अवजारं-दुरुस्तीसाठी २० टक्के, शिवाय विमा. पुढं पाच वर्षं दरसाल १० टक्के वाढ धरलेली असते. म्हणजे मर्यादा आपोआप थोडी वाढतेच. त्याहून जास्त मागायची तर काय होतं? २ लाखांपर्यंत तारण लागत नाही (२०२५ च्या जानेवारीपासून, आधी १ लाख ६० हजार होतं). त्याच्या वर गेलं की बँक जमीन तारण मागू शकते आणि सातबाऱ्यावर बोजा चढतो. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याजाची सवलत आहे, आणि मुदतीत भरलं तर आपल्या राज्यात ते शून्य टक्क्यानं पडतं. ३ लाखांच्या वरच्या रकमेला बँकेचा नेहमीचा दर. आणि मुदत चुकली की खालच्या रकमेचीही सवलत जाते.

कर्जमाफीलाही रेघ असते. २०१७ ला ती दीड लाखाची होती, ज्यांचं जास्त होतं त्यांना वरचं आधी भरावं लागलं. २०१९ च्या योजनेत थकबाकी २ लाखांच्या वर असलेले बाहेरच राहिले. माफीवर डोळा ठेवून कर्ज घ्यावं असं आम्ही मुळीच म्हणत नाही. पण दुष्काळात नवं-जुनं करत करत, शेतात काही न घालता ज्यांचा आकडा रेघेच्या पलीकडं गेला, अशी घरं आम्ही बघितली आहेत. त्यातल्या एका घरी धनी गेल्यावर बाईला पहिल्यांदा कळलं की सातबाऱ्यावर बोजा आहे. अंगठा तिचाही होता. कशावर, ते तिला माहीत नव्हतं.

आता आमच्याच गटाची चूक सांगतो. मागं आमच्या एका गटानं कॅश क्रेडिटची मर्यादा तीन लाखांवरून सहा लाखांवर नेली. कॅश क्रेडिटचा फायदा असा की जेवढं उचललं तेवढ्यालाच व्याज. आम्ही काय केलं, मंजुरी आली त्याच दिवशी सगळं काढलं आणि सगळ्या बायांत सारखं वाटून टाकलं. जिला शिलाई मशीन घ्यायचं होतं तिलाही तेवढंच आणि जिला काहीच नको होतं तिलाही तेवढंच. "नाही कसं म्हणायचं, सगळ्यांचंच ठरलं होतं," असं ती नंतर म्हणाली. तिचे पैसे दिराच्या बोअरला गेले. पाणी लागलं नाही. सहा महिन्यांनी एकीचा हप्ता राहिला, मग दोघींचा, आणि गटाचं खातं थकीत झालं तेव्हा वेळेवर भरणाऱ्याही अडकल्या. बँकेनं फसवलं नव्हतं. वाटणी आमची होती.

गटाचा हप्ता भरायला मग कुणी फायनान्सकडं गेली. ते ‘टॉप-अप’ देतात, म्हणजे जुनं कापून नवं मोठं. पुन्हा तेच नवं-जुनं, आता आठवड्याच्या हप्त्यानं. याचा शेवट कुठं जातो ते नांदेडच्या सीमेवरच्या बायांना सांगायला नको. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या पलीकडं, तेव्हाच्या आंध्रात, एकेका बाईकडं तीन-तीन, चार-चार कंपन्यांची कर्जं झाली होती. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या सरकारला वटहुकूम काढावा लागला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेनं एका कर्जदार बाईवरच्या एकूण कर्जाला ५० हजारांची मर्यादा घातली. ती २०१५ ला १ लाख झाली, २०१९ ला सव्वा लाख. २०२२ पासून रकमेची मर्यादा गेली. त्याऐवजी नियम आहे की घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत. पण घराचं उत्पन्न किती हे आपण सांगतो तेच लिहिलं जातं. तिथं कर्ज मिळावं म्हणून वाढवून सांगितलं तर तो नियम आपल्याला वाचवत नाही.

पुण्यात कामाला गेलेल्या पोरांकडं हल्ली बँकेचं क्रेडिट कार्डही असतं. मर्यादा वाढवू का, असा फोन येतो. तुमच्या स्पष्ट होकाराशिवाय त्यांना ती वाढवता येत नाही, हा नियम २०२२ चा. नुसती ‘किमान रक्कम’ भरत राहिलं तर उरलेल्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढतं. गावातल्या शेकडा तीन रुपयांचंच हे शहरातलं नाव.

तर गटाचा ठराव. गटाला १० लाखांपर्यंत तारण द्यावं लागत नाही, आणि त्यासाठी गटाची बचत बँकेनं अडकवून ठेवायची नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणून मर्यादा वाढवून घेणं वाईट असं आमचं म्हणणं नाही. ज्या गटात चौघींना म्हशी घ्यायच्या आहेत आणि दूध घालायला डेअरी आहे, तिथं आम्हीच अर्ज लिहून दिला. बाकीच्या गटांत आम्ही एवढंच केलं की प्रत्येकीला एक कागद दिला. त्यावर घरातली सगळी कर्जं लिहायची. सोसायटी, बँक, फायनान्स, पतसंस्था, ऊसतोडीची उचल, सोनं गहाण, हातउसने, पोराचं कार्ड, सगळं. आणि पुढं, गटातून नवं किती हवं आणि कशाला. ‘काही नको’ लिहिलं तरी चालेल, हे आम्ही दोनदा सांगितलं. पुढची बैठक सोमवारी आहे. तिघींचे कागद अजून यायचे आहेत. एकीनं निरोप दिलाय की धन्याला विचारल्यावर त्यानं दोन कर्जं नव्यानंच सांगितली, म्हणून कागद बदलून द्या.